पीएस५ प्रो, आत्ताचे गेम्स आणि मिड-जेन अपग्रेड : फरक नक्की कुठे पडतो?

रात्रपाळी

प्रो (सोनीच्या पीएस५ कन्सोलचं पिढीच्या मधेच आलेलं जास्त ताकदीचं मॉडेल, म्हणजे मिड-जेन) घ्यावा का नाही हा प्रश्न इथे कुठल्या ना कुठल्या धाग्यात सारखा येतो आणि उत्तरं ठरलेली असतात, एक जण म्हणतो डोळे झाकून घे, दुसरा म्हणतो पैसे पाण्यात जातील. मला दोन्ही पटत नाही. पीएस५ प्रो ७ नोव्हेंबर २०२४ ला आला, त्यानंतर एवढे गेम्स त्यावर येऊन गेलेत की आता अंदाजपंचे बोलायची गरज उरलेली नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

आधी आत काय बदललं ते. जीपीयूत (चित्र काढणारी चिप) ३६ च्या जागी ६० कंप्युट युनिट्स, मेमरीचा वेग २८ टक्के जास्त, आणि एकूण रेंडरिंग साधारण ४५ टक्के वेगवान हा सोनीनेच दिलेला आकडा. रे ट्रेसिंगचा (उजेड, सावल्या, प्रतिबिंबं खऱ्यासारखी काढण्याचं तंत्र) भाग नवीन, त्यात दोन ते तीन पट फरक. वर पीएसएसआर नावाचं अपस्केलिंग, म्हणजे गेम कमी रिझोल्यूशनला चालवायचा आणि मशीन लर्निंगने तो मोठा करून दाखवायचा. २ टीबी एसएसडी. हे सगळं झालं चित्र काढण्याचं सामान. सीपीयू (गेमचा बाकी सगळा हिशोब करणारी चिप) मात्र तोच, आठ कोअरचा झेन २, फक्त गरज पडली तर ३.५ वरून ३.८५ गिगाहर्ट्झला जातो, म्हणजे फार तर १० टक्के.

माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीवर उभं आहे. गेम जीपीयूत अडकला असेल तर प्रो त्याला अक्षरशः वर काढतो. सीपीयूत अडकला असेल तर प्रो घेऊन हाती फारसं काही लागत नाही. आणि तुम्ही खेळता ते गेम्स यातल्या कुठल्या प्रकारचे आहेत हे विकत घ्यायच्या आधी कळू शकतं.

दोन उदाहरणं देतो म्हणजे कळेल. फायनल फँटसी ७ रिबर्थ. साध्या पीएस५ वर परफॉर्मन्स मोड (वेगाला प्राधान्य) लावला की ६० एफपीएस (सेकंदाला ६० फ्रेम्स) मिळायचे पण चित्र एवढं धूसर की मैदानातलं गवत म्हणजे नुसता हिरवा लगदा, लांबच्या डोंगराच्या कडा विरघळल्यासारख्या, नायक क्लाउडच्या केसांची टोकं पुसट. ग्राफिक्स मोड लावला की चित्र स्वच्छ पण ३० एफपीएस, आणि लढाईत ते जाणवायचं. प्रोवर तेच गवत, पात्यापात्याने वेगळं दिसतं आणि ६० एफपीएस पण सुटत नाहीत. ज्यांनी आधी साध्यावर तासन् तास घालवलेत त्यांना हा फरक दाखवून द्यावा लागत नाही.

आता दुसरा, ड्रॅगन्स डॉग्मा २. मार्च २०२४ चा. जंगलात बरा चालतो, व्हर्नवर्थ शहरात शिरलात की फ्रेमरेट कोसळतो, कारण तिथे रस्त्यावरच्या प्रत्येक माणसाचा हिशोब सीपीयू करत बसलेला असतो. कॅपकॉमने स्वतः हेच कारण सांगितलं होतं. इथे रिझोल्यूशन अर्धं केलं तरी उपयोग नाही, मग ६० कंप्युट युनिट्स असून काय करणार. बाल्डर्स गेट ३ च्या तिसऱ्या अंकातल्या शहराचं दुखणं पण हेच.

म्हणून मला वाटतं "प्रो चांगला का वाईट" यावर भांडण्यापेक्षा आपण गेमचं नाव घेऊन बोलू. कुणी काय खेळतंय, कुठे फरक दिसला, कुठे नाही, आणि एकूणच आत्ताचे गेम्स या हार्डवेअरचं काय करतायत ते लिहा.

बटणबहाद्दर

धागा उत्तम. आधी एकच मुद्दा, पीएस५ चा आर्किटेक्ट मार्क सर्नीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रो जाहीर करताना सांगितलं होतं की निवड असते तिथे साधारण तीन चतुर्थांश वेळा लोक परफॉर्मन्स मोड निवडतात. म्हणजे चारातले तिघे म्हणतायत की चित्र थोडं वाईट चालेल पण हालचाल सुरळीत हवी. प्रो हा या तिघांसाठी आहे, त्यांना ती तडजोड करायला लागू नये म्हणून. हे समजून घेतलं की बाकी सगळं सोपं होतं.

माझं गेमचं नाव, असॅसिन्स क्रीड शॅडोज. साध्या पीएस५ वर रे ट्रेसिंगवाला उजेड ६० एफपीएसच्या परफॉर्मन्स मोडमध्ये सहसा मिळत नाही, त्यासाठी कमी फ्रेम्सचा मोड घ्यावा लागतो. प्रोवर तो ६० मध्ये पण मिळतो. आणि या गेममध्ये उजेड म्हणजे सजावट नाहीये, नाओएने अंधारात लपायचं, दिवे विझवायचे, शोजी दारामागून सावली बघायची हाच खेळ आहे. दुपारच्या वेळी घरात शिरा, ऊन जमिनीवर पडतं आणि तिथून उसळून छताच्या तुळयांचा खालचा भाग उजळतो, दार सरकवलं की अख्ख्या खोलीचा रंग बदलतो. साध्यावर ६० मध्ये खेळताना त्याच खोलीत उजेड सगळीकडे सारखा पसरलेला असतो. मी दोन्हीवर बघितलंय, मला परत साध्यावर जाववत नाही.

ग्रान तुरिझ्मो ७ मध्ये पण शर्यत चालू असताना बाजूच्या गाडीचं खरं प्रतिबिंब आपल्या दारावर दिसतं, हे साध्यावर शर्यतीत नव्हतंच.

फ्रेममोजणी

रात्रपाळी, सीपीयू-जीपीयूचं विवेचन एकदम बरोबर. पण पीएसएसआरबद्दल तुम्ही जरा हात राखून लिहिलंत, ते पूर्ण सांगायला हवं.

पीएसएसआर सगळीकडे चांगलं दिसत नाही. सायलेंट हिल २ चा रिमेक प्रोवर आला तेव्हा झाडांच्या पानांवर आणि डबक्यातल्या प्रतिबिंबांवर सतत लुकलुक व्हायची, आणि तो गेम असा की अर्धा वेळ तुम्ही धुक्यात टक लावून बघत असता, कुठे काही हलतंय का म्हणून. तिथे पानच वळवळायला लागलं तर भीतीचा सगळा डाव फसतो. जेडाय सर्व्हायव्हरचं पण सुरुवातीला तसंच, साध्यापेक्षा प्रोवर चित्र जास्त अस्थिर. कारण असं की मूळ चित्रच फार कमी रिझोल्यूशनचं असेल आणि त्यात रे ट्रेसिंगचे लुकलुकणारे ठिपके असतील तर अपस्केलर ते ठिपकेसुद्धा तपशील समजून मोठे करतो. स्टेलर ब्लेडसारख्या गेममध्ये मूळ चित्र मुळात चांगलं असल्यामुळे तेच पीएसएसआर सुंदर काम करतं.

तर "प्रो एनहान्स्ड" असं लिहिलेलं बघून लगेच खूश होऊ नका. तो शिक्का म्हणजे डेव्हलपरने काहीतरी केलंय एवढीच खात्री, चांगलं केलंय याची नाही.

आणि दुसरं, जे मला प्रोपेक्षाही महत्त्वाचं वाटतं, तुमचा टीव्ही. १२० हर्ट्झचा (सेकंदाला १२० वेळा चित्र बदलणारा) आणि व्हीआरआरवाला (पडद्याचा वेग गेमच्या वेगाशी जुळवणारा) टीव्ही असेल तर साध्या पीएस५ वर पण खूप काही मिळतं. ४० एफपीएसचा मोड घ्या. लोकांना वाटतं ३० आणि ४० मध्ये काय एवढा फरक. फ्रेमचा वेळ बघा, ३० ला एक फ्रेम ३३.३ मिलिसेकंद टिकते, ६० ला १६.७, आणि बरोबर मधोमध २५ मिलिसेकंद, म्हणजे ४० एफपीएस. आकड्यात ४० हे ३० च्या जवळ वाटतं पण हाताला ते निम्मं अंतर कापून आलेलं असतं. रॅचेट अँड क्लँक रिफ्ट अपार्टमध्ये इन्सॉम्नियॅकने हे आणलं आणि मग बाकीच्यांनी उचललं. पण ४० हे १२० हर्ट्झच्या पडद्यावरच नीट बसतं, कारण १२० ला ४० ने भाग जातो, ६० ला जात नाही.

नवा_भिडू

मग ज्याच्याकडे ६० हर्ट्झचा जुना ४के टीव्ही आहे त्याने आधी काय बदलावं?

फ्रेममोजणी

टीव्ही. यात मला काही शंका नाही. चांगला एचडीआर आणि व्हीआरआरवाला टीव्ही आला की तुमचा प्रत्येक गेम सुधारतो, प्रो एनहान्स्ड असो नसो. व्हीआरआर पीएस५ ला एप्रिल २०२२ मध्ये मिळालं, ४८ ते १२० हर्ट्झच्या पट्ट्यात चालतं, त्यामुळे एखादा गेम ६० वरून ५२ ला घसरला तरी डोळ्याला झटका बसत नाही.

धूळफुंक्या

मी कार्ट्रिज फुंकून खेळणाऱ्या पिढीतला, मला या सगळ्यात नवल काही वाटत नाही. मधेच हार्डवेअर वाढवायचा प्रकार जुनाच आहे. १९९४ ला सेगाने ३२एक्स काढला, जेनेसिस कन्सोलच्या डोक्यावर बसवायचा, पुढचा कन्सोल तोंडावर आलेला असताना. गेम्स जेमतेम चाळीस आणि ज्यांनी घेतला त्यांचा सेगावरचा विश्वास गेला. निंटेंडो ६४ चा एक्सपान्शन पॅक त्यामानाने शहाणपणाचा, छोटा डबा, मेमरी दुप्पट, पण डाँकी काँग ६४ आणि मजोराज मास्क त्याच्याशिवाय चालायचेच नाहीत. न्यू ३डीएसवर झेनोब्लेड क्रॉनिकल्स ३डी आला तो जुन्या ३डीएसवर चाललाच नाही.

पीएस४ प्रोपासून मात्र हे बदललं, आणि त्याचं श्रेय द्यायलाच हवं. नियम असा की गेम साध्यावर चाललाच पाहिजे, प्रोवर नुसता छान चालेल. यामुळे कुणी मागे राहत नाही. मला हा नियम सगळ्या टेराफ्लॉपपेक्षा (जीपीयूच्या ताकदीचं माप) मोठा वाटतो.

माझी तक्रार वेगळी आहे. किंमत. २०१६ ला पीएस४ प्रो आला तेव्हा त्याची किंमत मूळ पीएस४ च्या लाँच किमतीएवढीच होती. मधल्या तीन वर्षांत तंत्रज्ञान स्वस्त झालं, त्याच पैशात आता जास्त घ्या, असा साधा हिशोब. पीएस५ प्रो अमेरिकेत मूळ डिस्कवाल्या पीएस५ च्या लाँच किमतीपेक्षा ४० टक्क्यांनी महाग आला, वर डिस्क ड्राइव्ह काढून टाकलेला. ड्राइव्ह वेगळा घेऊन जोडता येतो, पण जोडताना एकदा इंटरनेटवरून नोंदवावा लागतो. शेल्फवर डिस्का असलेल्या माणसाला सगळ्यात महागडा मॉडेल घेतल्यावर स्वतःच्याच डिस्का लावायला अजून पैसे, हे मला अजिबात मान्य नाही.

बटणबहाद्दर

डिस्कच्या बाबतीत शंभर टक्के सहमत. सर्वात वरच्या मॉडेलमध्ये ड्राइव्ह हवाच होता.

कथावेडी

सगळं वाचलं, माहिती खूप मिळाली, पण मला एक विचारायचंय. तुम्ही सगळे गवताच्या पात्यांबद्दल आणि छताच्या तुळयांबद्दल बोलताय, ते छानच आहे, पण गेल्या काही काळातले मनात घर करून राहिलेले गेम्स कुठले ते आठवून बघा आणि त्यातल्या किती गेम्सना प्रो लागला ते सांगा.

क्लेअर ऑब्स्क्युर एक्स्पिडिशन ३३. छोटी फ्रेंच टीम, एप्रिल २०२५ ला आला आणि वर्षाच्या शेवटी गेम अवॉर्ड्समध्ये सर्वोत्कृष्ट गेम ठरला. त्यातली पॅरी (शत्रूचा वार नेमक्या वेळी अडवणं) आठवा, शत्रू हात वर नेतो, थांबतो, तुम्हाला फसवतो, आणि मग अचानक खाली आणतो, त्या क्षणाला बटण. हे साध्या पीएस५ वर परफॉर्मन्स मोडमध्ये तितकंच थरारक आहे. ॲस्ट्रो बॉट, २०२४ चा सर्वोत्कृष्ट, साध्यावर ६० एफपीएस, चित्र काचेसारखं, आणि हातातला कंट्रोलर ज्या पद्धतीने पावसाचे थेंब आणि वाळूवरची पावलं जाणवून देतो त्याला जीपीयू लागत नाही, लागते ती कल्पना. सिल्कसाँग तर निंटेंडोच्या मूळ स्विचवर पण चालतो. डेथ स्ट्रँडिंग २ साध्या पीएस५ वर इतका सुंदर दिसतो की प्रोवर शेजारी लावून बघितला तरी शोधत बसावं लागेल.

मला वाटतं मधल्या काळात अडचण हार्डवेअरची कमी आणि वेळेची जास्त झालीये. मोठा गेम बनायला पाच-सहा वर्षं लागतात, पूर्वी एका पिढीत एका स्टुडिओचे दोन-तीन गेम यायचे, आता एक आला तरी नशीब. मग मधली जागा रिमास्टर (जुन्याच गेमची सुधारलेली आवृत्ती) आणि लाइव्ह सर्व्हिसने (सतत चालू राहणारे ऑनलाइन गेम्स) भरायची. काँकॉर्डचं काय झालं सगळ्यांनी बघितलं, २३ ऑगस्ट २०२४ ला आला आणि ६ सप्टेंबरला बंद. त्यात किती लोकांची किती वर्षं गेली. त्या वर्षांत त्याच माणसांनी दुसरं काही केलं असतं याचा विचार करून मला खरंच वाईट वाटतं. नवीन डबा विकत घेऊन ही जागा भरत नाही.

रात्रपाळी

कथावेडी, तुमचं शेवटचं वाक्य मला पूर्ण मान्य आहे. फक्त एक भर घालतो. ॲस्ट्रो बॉट, डेथ स्ट्रँडिंग २ हे चांगले दिसतात कारण त्यांच्या टीमला एक कन्सोल तळापासून माहीत आहे आणि इंजिन (ज्यावर गेम बनतो ते सॉफ्टवेअर) हातातलं आहे. तसंच डूम द डार्क एजेस आणि इंडियाना जोन्स, दोन्हींत रे ट्रेसिंगवाला उजेड आणि दोन्ही साध्या कन्सोलवर ६० एफपीएस. किंगडम कम २ क्रायइंजिनवर, केवढं मोठं जग आणि किती सुटसुटीत चालतो. उलट अनरियल ५ या तयार इंजिनवर घाईत सोडलेले कित्येक गेम्स परफॉर्मन्स मोडमध्ये आतून १०८० पीच्या पण खाली जातात आणि मग ते ताणून ४के म्हणून दाखवतात. प्रोचा सगळ्यात जास्त फायदा या दुसऱ्या गटाला होतो. म्हणजे खरं बघितलं तर आपण पैसे मोजतोय ते न झालेल्या ऑप्टिमायझेशनचे. हे मला खुपतं, आणि तरीही खेळणाऱ्याने काय करायचं, गेम तर तसाच आलेला असतो.

हिरवं_बटण

एक्सबॉक्सवाल्यांची बाजू पण येऊ द्या.

गेल्या पिढीत मिड-जेनचा सगळ्यात चांगला डबा एक्सबॉक्स वन एक्स होता हे इथले सोनीवाले पण नाकारणार नाहीत. नोव्हेंबर २०१७, सहा टेराफ्लॉप्स, १२ जीबी मेमरी. रेड डेड रिडेम्प्शन २ साध्या एक्सबॉक्स वनवर ८६४ पी आणि वन एक्सवर खरोखरचं ४के. एवढी उडी पीएस५ प्रोने कुठेच मारलेली नाही, मारूही शकत नाही कारण आता सुरुवातच वरून होते. आणि जुन्या ३६० च्या डिस्का टाकल्या की पहिला रेड डेड ४के मध्ये दिसायचा, काही नवीन विकत न घेता.

या पिढीत मायक्रोसॉफ्टने जास्त ताकदीचं मॉडेल काढलंच नाही. २०२४ मध्ये २ टीबीवाला सिरीज एक्स आला पण आतली ताकद तीच. आणि मला त्याचं दुःख नाही, दुःख सिरीज एसचं, म्हणजे या पिढीच्या छोट्या मॉडेलचं आहे. चार टेराफ्लॉप्स आणि १० जीबी मेमरी, आणि प्रत्येक गेम त्यावर चाललाच पाहिजे अशी अट. बाल्डर्स गेट ३ पीएस५ ला सप्टेंबर २०२३ ला आला, एक्सबॉक्सला डिसेंबर, आणि शेवटी सिरीज एसवर स्प्लिट स्क्रीन सोडून द्यावी लागली तेव्हा कुठे आला. ब्लॅक मिथ वुकाँगला एक वर्ष लागलं. मेमरी कमी असेल तर अपस्केलिंगने ती वाढत नाही, टेक्स्चर कुठे तरी ठेवायला लागतातच.

धूळफुंक्यांनी तो नियम मोठा म्हटलाय, "साध्यावर चाललाच पाहिजे", त्याची दुसरी बाजू ही आहे. तळ फार खाली असेल तर सगळ्यांना तिथेच थांबावं लागतं.

धूळफुंक्या

मुद्दा मान्य, पण तळ खाली ठेवला तो पहिल्या दिवशीच, पिढी सुरू करताना. प्रो नंतर वर चढवलेला मजला आहे, त्याने तळ हलत नाही. दोन्हीची तुलना होत नाही.

हिरवं_बटण

हो, तेवढा फरक आहे. पण एक अजून, जुन्या गेम्सचं. सिरीज एक्सवर एफपीएस बूस्ट आलं तेव्हा फॉलआउट ४, डिसऑनर्ड सारखे गेम्स डेव्हलपरने हात न लावता ६० ला गेले. आणि तिकडे पीएस४ चा ब्लडबॉर्न आज प्रोवर टाका, ३० एफपीएस, फ्रेम्सची ओढाताण तशीच. प्रोचं गेम बूस्ट ८५०० हून जास्त पीएस४ गेम्सना लागू होतं म्हणतात, पण गेममध्येच ३० ची मर्यादा लिहिलेली असेल तर ते काय करणार. एवढ्या लाडक्या गेमला कुणी एक पॅच देऊ नये, याचा मला राग येतो.

बटणबहाद्दर

ब्लडबॉर्नसाठी +१००. त्या एका पॅचसाठी मी प्रो परत एकदा विकत घेईन.

कथावेडी

+१

लेव्हल_एक

स्विच २ बद्दल कुणीच बोललं नाही? मला तर या वर्षांतलं सगळ्यात समाधान देणारं अपग्रेड तेच वाटलं.

रात्रपाळी

बोला की. ती नवीन पिढी आहे, मिड-जेन नाही, पण विषय सुटत नाही.

लेव्हल_एक

म्हणूनच सांगतोय. ५ जून २०२५ ला आला. टिअर्स ऑफ द किंगडम जुन्या स्विचवर खेळलेल्यांना आठवत असेल, अल्ट्राहँडने (वस्तू उचलून जोडायची गेममधली शक्ती) काही मोठं जोडायला घेतलं की फ्रेम्स २० वर यायच्या. नवीन आवृत्तीत तेच ६० ला चालतं, गाडी बनवताना चाक फिरवून बसवायचं तर हात जिथे थांबतो तिथे चाक थांबतं. पोकेमॉन स्कार्लेट-व्हायलेटला तर फुकट अपडेट मिळालं, आणि तो गेम मूळ स्विचवर किती अडखळायचा सगळ्यांना माहीत आहे. इथे सीपीयू पण बदललाय, त्यामुळे रात्रपाळींनी सांगितलेली अडचणच निघून गेली. सायबरपंक हातात धरून ४० एफपीएसला खेळता येतो.

नावडती गोष्ट एकच, गेम-की कार्ड. कार्ट्रिज हातात, पण आत गेम नाही, तो डाउनलोड करायचा. उद्या सर्व्हर बंद झाला तर ते प्लास्टिक ठेवून काय करू.

धूळफुंक्या

अगदी. कार्ट्रिजमध्ये गेम नसेल तर त्याला कार्ट्रिज म्हणू नये.

नवा_भिडू

माझी खरी भीती वेगळी आहे, ती विचारतो. प्रो आल्यामुळे पुढे पुढे डेव्हलपर साध्या पीएस५ कडे दुर्लक्ष करतील का? सायबरपंकचं पीएस४ वर जे झालं तसं?

फ्रेममोजणी

प्रश्न योग्य आहे. सायबरपंक १० डिसेंबर २०२० ला आला, साध्या पीएस४ वर एवढा वाईट चालायचा की आठवडाभरात सोनीने तो स्टोअरवरून काढला, आणि जून २०२१ ला परत घेतला तेव्हा पीएस४ प्रो किंवा पीएस५ वर खेळा अशी सूचना सोबत होती. पण तिथे दोष पीएस४ प्रोचा नव्हता. तो गेम मनाने पुढच्या पिढीचा होता आणि २०१३ च्या हार्डवेअरवर कोंबला होता, जॅग्वार सीपीयू आणि हार्ड डिस्कवर. शहर लोड होईपर्यंत गाडी पुढे गेलेली असायची. पीएस५ कडे एसएसडी आहे आणि सीपीयू प्रोएवढाच आहे. हा मुद्दा लक्षात घ्या, सीपीयू सारखाच असल्यामुळे प्रोवर चालतं आणि साध्यावर चालतच नाही असा गेम बनवणं अवघड आहे. साध्यावर तो जास्त धूसर दिसेल, मोडणार नाही.

रात्रपाळी

फ्रेममोजणी यांनी माझंच वाक्य उलटं करून त्यातला चांगला भाग दाखवला, मला हे सुचलं नव्हतं. सीपीयू तोच ठेवल्याने प्रोची धाव कमी झाली आणि साधावाला सुरक्षित राहिला. दोन्ही एकाच निर्णयातून.

बटणबहाद्दर

आणि जीटीए ६? १९ नोव्हेंबर २०२६ ही तारीख दिलीये. अर्धे लोक त्याच्यासाठीच प्रो घेऊन बसलेत, प्रोवर ६० मिळेल या आशेवर.

रात्रपाळी

त्या आशेवर घेऊ नका, एवढंच सांगेन. जीटीए बनवणाऱ्या रॉकस्टारचा इतिहास बघा. रेड डेड २ पीएस४ प्रो आणि वन एक्सवर ३० च राहिला, जास्तीची सगळी ताकद रिझोल्यूशनला गेली. जीटीए ५ पीएस४ वर ३०, ६० मिळाले ते पुढच्या पिढीवर. गर्दी, वाहतूक, प्रत्येक पादचाऱ्याचं वागणं, हे सगळं सीपीयूचं काम, म्हणजे व्हर्नवर्थचं दुखणं अख्ख्या राज्याएवढं. मला स्वतःला वाटतं प्रोवर चित्र जास्त स्वच्छ आणि उजेड जास्त चांगला मिळेल. तो फरक तुम्हाला पुरेसा वाटत असेल तर घ्या, पण गेम येऊ दे, चालताना बघा, मग घ्या. कन्सोल कुठे पळून जात नाही.

नवा_भिडू

मग माझ्यासाठी काय ठरलं? साधा पीएस५ आहे, ६० हर्ट्झचा टीव्ही, रिबर्थ अर्धा सोडलाय त्या धूसरपणामुळेच, एक्स्पिडिशन ३३ यादीत आहे.

फ्रेममोजणी

टीव्ही आधी. एक्स्पिडिशन ३३ आहे त्या कन्सोलवर आज सुरू करा. रिबर्थ ग्राफिक्स मोडला लावून बघा, लढाईत ३० सहन होतात का ते कळेल.

कथावेडी

आणि रिबर्थ तोपर्यंत सोडून देऊ नका हो, कॉस्मो कॅन्यनपर्यंत तरी जा. पॅरीसाठी एक्स्पिडिशनमध्ये सुरुवातीला डॉजच (वार चुकवणं) वापरा, त्याची वेळ जास्त ढिली आहे, शत्रूचा ताल कळला की मग पॅरीवर या.

नवा_भिडू

ठीक, आज रात्री एक्स्पिडिशन डाउनलोडला लावतो. टीव्हीसाठी वेगळा धागा काढतो, फ्रेममोजणी तुम्ही तिकडे याच.